बादलीखालचं स्टँड आणि चार वर्षांची फी

मागच्या अंकात मी पुण्यातल्या एका डिझाइन महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनाबद्दल लिहिलं होतं. मुलांना दिलेला विषय साधा होता. घरात रोज हाताळली जाणारी एक वस्तू घ्या, आणि ती जिथे वापरली जाते त्या जागेचाही तिच्याबरोबर नव्यानं विचार करा. मी परीक्षक होते. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी पडद्यांचे रंग आणि भिंतीची ओल बाजूला ठेवून त्याच पत्रांना उत्तरं देतेय. ओलवाल्यांनी रागावू नये, पावसाळा अजून लांब आहे.

माझी मुलगी त्या प्रदर्शनात होती. आम्ही दोघं सांगलीहून खास आलो. चार वर्षांची फी, पुण्यातलं राहणं, लॅपटॉप, दर आठवड्याला मॉडेलचं सामान. आणि शेवटी तिनं मांडलं काय, तर बादलीखाली ठेवायचं स्टँड. तिचे काका सरळ म्हणाले, हे गणपती पेठेत दोनशे रुपयांत मिळतं. मुलीसमोर काही बोललो नाही, पण खरं सांगा, यात शिकली काय ती?
— एक पालक, सांगली

तुमच्या मुलीचा कोपरा मला नीट आठवतो, कारण तिथे मी सगळ्यात जास्त वेळ उभी होते. तुम्ही स्टँड पाहिलंत. त्याच्या मागे भिंतीवर लावलेले कागद बहुधा वाचले नाहीत. तुमचा दोष नाही, अक्षर मुंगीएवढं होतं. तेव्हा त्यात काय होतं ते मीच सांगते.

तिनं सुरुवात आंघोळीच्या स्टुलापासून केली होती. ती राहते त्या घराच्या मालकीणबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ करतात आणि उठताना कंबर धरते म्हणतात. कुणीही म्हणेल, स्टूल उंच करा. हिनंही आधी तेच केलं, पुठ्ठ्याची आणि प्लायची स्टुलं बनवली. मग तिनं बाईंना कोरड्या न्हाणीघरात, नेसत्या साडीत, आंघोळीचा अभिनय करून दाखवायला सांगितलं आणि बाजूला बसून नुसती रेघोट्यांची चित्रं काढली. त्यात दिसलं ते असं. पहिल्या दोन-चार तांब्यांना बाई जवळजवळ ताठ असतात. पाणी जसं खाली जातं तसं त्या वाकतात, आणि बादली शेजारी असल्यामुळे वाकता वाकता कमरेतून वळतातही. तळाचं पाणी घेताना तर खांदा गुडघ्याला लागतो. स्टूल जितकं उंच, तितकं पाणी आणखी लांब! म्हणजे जो उपाय सगळ्यांना सुचतो त्यानं दुखणं वाढतं.

मग तिनं बादली वर उचलली, नऊ इंच. लगेच पुढचा प्रश्न आला. पंधरा-सोळा लिटरची भरलेली बादली तितकेच किलो भरते, ती वर ठेवणार कोण? म्हणून नळाला आखूड नळी. उंचावरची बादली कलंडली तर? म्हणून वरती कडं आणि खाली पाय फाकलेले. फरशीवर साबणाचं पाणी, म्हणून पायांना रबर. आणि सगळं जमलं असं वाटल्यावर वापरून बघताना कळलं की बाई उठताना त्या स्टँडचाच आधार घेतात. हे कुणी सांगितलं नव्हतं, ठरवलंही नव्हतं, त्यांच्या हातानं ते आपणहून केलं. मग स्टँडचा एक पाय वर वाढवून त्याची मूठ झाली आणि ती भिंतीला पक्क्या स्क्रूनं आवळावी लागली.

हे सगळं गणपती पेठेत दोनशे रुपयांत मिळत असेल तर माझ्यासाठी दोन घेऊन ठेवा.

तिचं काम निर्दोष होतं असं नाही. वेल्डिंगचे सांधे हाताला बोचत होते, किंमत काढलेली नव्हती, आणि रंगसंगतीचा तक्ता कशासाठी लावला होता तो तिलाही सांगता आला नाही. पहिला क्रमांक तिला नाही मिळाला. पण ‘काय बदलायचं’ हे तिनं बसून, बघून शोधून काढलं, आणि चार वर्षांत शिकवण्यासारखी गोष्ट हीच आहे. ड्रॉइंग, सॉफ्टवेअर, रंगांचे तक्ते हे सहा महिन्यांत येतं.

तुमचा प्रश्न नवा नाही. जर्मनीत वायमार गावी बाऊहाउस नावाची कलाशाळा १९१९मध्ये सुरू झाली. सरकारी पैशावर चालणारी. चार वर्षांनी सरकारनंच विचारलं, आमच्या पैशाचं केलंत काय ते दाखवा. म्हणून १९२३च्या ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांनी प्रदर्शन भरवलं आणि त्यासाठी एक आख्खं घर बांधलं, हाउस आम हॉर्न. आराखडा गेओर्ग मूखे नावाच्या शिक्षकाचा, तोही मुळात चित्रकार. आतलं सामान बरंचसं कार्यशाळांमधल्या विद्यार्थ्यांचं. मुलांच्या खोलीतलं फर्निचर आल्मा बुशर या विद्यार्थिनीनं केलं. कपाटाचं दार उघडलं की त्यातल्या झरोक्यातून मुलांना बाहुल्यांचा खेळ करता यायचा, आणि मोठाले ठोकळे बसायला, ढकलायला, काहीही रचायला. स्वयंपाकघर बेनिटा ओटे आणि एर्न्स्ट गेबहार्ट यांचं: खिडकीखाली सलग ओटा, खाली-वर कपाटं. आज आपल्याकडे प्रत्येक बिल्डर ‘मॉड्युलर’ म्हणून जे विकतो, त्याच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत ते स्वयंपाकघर धरलं जातं. बघायला आलेल्यांपैकी सगळेच खूश झाले नाहीत. पुढे सरकारनं अनुदानाला कात्री लावली आणि १९२५मध्ये शाळेला वायमार सोडून देसाऊला जावं लागलं. ते घर आज जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मोठ्या नावांशी तुमच्या मुलीची तुलना करत नाहीये. फी भरणारा हिशेब मागणारच, तो तुमचा हक्क आहे. आणि फी जास्त आहे याबद्दल माझंही दुमत नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. एवढंच म्हणते, हिशेब मागताना स्टँडची किंमत विचारू नका. तिला विचारा, ‘आधी काय करून पाहिलंस आणि ते का टाकून दिलंस?’ ती बोलायला लागली की काकांनाही बसवा.

प्रदर्शनात एका मुलीनं दोन उंच्यांचा ओटा मांडला होता. माझी उंची चार फूट अकरा इंच, बिल्डरनं दिलेला ओटा पस्तीस इंच. पोळ्या लाटताना खांदे भरून येतात. यजमान पाच फूट नऊ इंच, त्यांना काही त्रास नाही. तसा ओटा करून घ्यावा म्हटलं तर आमचा मिस्त्री हसतो. म्हणतो, सगळं पाणी खालच्या भागात येईल. सासूबाईंना उभं राहवत नाही, पण भाजी निवडणं, कणीक मळणं त्यांना करायचं असतं. काय करावं?
— डोंबिवलीची एक वाचक

मिस्त्री पाण्याबद्दल बरोबर बोलतोय. हसण्याबद्दल नाही.

आधी माप घ्या. घरात चपला घालून वावरत असाल तर चपला घालून उभ्या राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. तुमच्या उंचीला ते साधारण सदतीस इंच भरेल. भाजी चिरायची तर ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली हवा, म्हणजे बत्तीस-तेहतीस. लाटायला, मळायला अंगाचा भार टाकावा लागतो आणि पोळपाटाची उंची वर येते, म्हणून आणखी खाली, तीस-एकतीस. शेगडीची गोष्ट तर लोक विसरतातच. शेगडी स्वतः चार-पाच इंच उंच, तिच्यावर कुकर. पस्तीस इंचांच्या ओट्यावर पाच लिटरच्या कुकरमध्ये तुम्ही डोकावता तेव्हा तुमचा हात खांद्याच्या वर जातो. शेगडीखालचा भागही तीस-एकतीसच हवा.

सिंकचं मात्र उलट. तुम्ही सिंकच्या काठावर काम करत नाही, तळाशी करता, आणि तळ सात-आठ इंच खाली असतो. तिथे बिल्डरचे पस्तीस इंच चांगले आहेत. तेव्हा सिंकचा भाग आहे तसा राहू द्या आणि बाकीचा ओटा एकतीसवर उतरवा. तुकडा एकच, पायरी एकच. पाण्यासाठी सिंकच्या बाजूला, पायरीच्या काठावर ग्रॅनाइटची अर्ध्या-पाऊण इंचाची उभी पट्टी बसवायची आणि सिंकच्या भागाला उतार सिंककडेच द्यायचा. त्या विद्यार्थिनीनं पट्टी दाखवली होती, उतार दाखवला नव्हता. मिस्त्रीला नेमकं तेच खटकलं असणार. आणि यजमानांच्या उंचीला सिंकचा भाग अगदी सोयीचा असल्यामुळे भांडी घासण्याचं काम त्यांच्याकडे जाणं शास्त्राला धरूनच होईल.

खाली ट्रॉल्या करणार असाल तर पुढच्या पट्टीखाली पावलं आत जायला तीन इंच खोल, चार इंच उंच खाच सोडायला लावा. आपल्या आयांचे कडाप्प्याचे ओटे खालून मोकळे असायचे, पाय आपोआप आत जायचे. ट्रॉल्या आल्या आणि बायका ओट्यापासून चार इंच मागे उभ्या राहून पुढे वाकायला लागल्या. त्यातली अर्धी कंबरदुखी या खाचेनं जाईल.

सासूबाईंसाठी ओट्याच्या टोकाला सव्वीस-सत्तावीस इंचांवर, खाली गुडघे जातील अशी मोकळी फळी करा आणि समोर सोळा-सतरा इंचांची, हात असलेली खुर्ची. ओढून बाहेर काढायची फळी करू नका. दिसायला छान, पण चॅनलवर लटकणारी फळी कणीक मळण्याचा दाब फार दिवस सोसत नाही. फळीला जमिनीपर्यंत पाय हवा.

घर भाड्याचं असेल आणि ओटा तोडता येत नसेल, तर ओट्यासमोर पूर्ण लांबीचा तीन इंच उंच लाकडी पाट टाका. पूर्ण लांबीचा, हे महत्त्वाचं. छोटा टाकलात तर एक दिवस गरम दूध घेऊन त्यावरून पडाल.

या मापांमागेही इतिहास आहे. १९२६मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या सरकारी घरांसाठी चिंचोळं स्वयंपाकघर आखलं. घरकामाच्या हालचालींचा वेळ मोजून काय कुठे असावं ते ठरवलं. तसली दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बसवली गेली. गंमत म्हणजे त्यांनी स्वतः तोवर कधी स्वयंपाक केला नव्हता. पुढे त्यांनीच ते सांगून टाकलं. मापं अर्थात तिकडच्या बायकांची. आपल्याकडे देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय माणसांच्या शरीरमापांचं पुस्तक एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतर्फे १९९७मध्ये काढलं. त्याआधी वर्गात आम्ही परदेशी तक्तेच फळ्यावर उतरवायचो. बिल्डरांनी अजून ते पुसलेले दिसत नाहीत.

आम्ही लालबागला एकशे ऐंशी चौरस फुटांच्या खोलीत पाच जण राहतो. प्रदर्शनातला भिंतीत मिटणारा पलंग आणि घडीचं टेबल बघून मुलं हट्ट करतायत. टिकेल का?
— लालबाग, मुंबई

टेबल करा. पलंग नको.

कारण सांगते. रोज मिटायची वस्तू दोन हालचालींत मिटली नाही तर महिन्याभरात ती कायमची उघडी राहते. टेबलाची फळी उचलली, खिट्टी लावली, संपलं. पलंगाचं तसं नाही. चादर काढा, उशा उचला, पट्टे बांधा, मग उचला. आणि दुपारी रात्रपाळी करून आलेलं माणूस झोपलेलं असलं तर? पलंग मांडणाऱ्या विद्यार्थ्याला मी हेच विचारलं. त्याच्या रेखाटनात सगळी माणसं सकाळी सातला उठत होती.

दुसरं, भिंत. जुन्या चाळींमधल्या आतल्या भिंती पुष्कळदा लाकडी चौकटीत विटा भरून केलेल्या असतात. वर गिलावा असल्यानं कळत नाही. पलंगाचं वजन आणि वर झोपणारा, एवढा भार अँकर बोल्टवर लटकवायचा तर भिंत आधी इंजिनियरला दाखवावी लागेल. भार जमिनीवर उतरेल अशीच वस्तू चाळीत घ्यावी. तुमच्याकडे दिवाण असेल तर तो चांगला बनवून घ्या. खाली दोन खोल खण, पुढून ओढायचे. वरची फळी उचलून उघडायचे नकोत, नाहीतर दर वेळी बसलेल्या माणसाला उठवावं लागेल. गाद्यांची चळत दिवाणावर ठेवून तिला स्वच्छ गवसणी घाला, दिवसा तीच टेकायला.

टेबलाला बिजागरी पियानोची, म्हणजे सलग पट्टीची लावा. सुट्या बिजागऱ्या एका कोपऱ्यात मुलं लोंबकळली की उखडतात. प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या दर्जाचा घ्या, मोरी चार फुटांवर असणार.

परीक्षक म्हणून मी लहान घराच्या प्रत्येक मॉडेलमध्ये सिलिंडर शोधते. चौदा किलो गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. तो कुठे उभा राहणार, बदलताना कुठून ओढणार, त्याला हवा कुठली? या प्रदर्शनात लहान घरांची कितीतरी मॉडेलं होती. पांढरीशुभ्र, छोटी छोटी झाडं लावलेली. सिलिंडर एकातच होता. देव्हारा दोन मॉडेलांत. पाणी भरून ठेवायच्या पिंपाला जागा कुणीच दिली नव्हती, आणि मुंबईतल्या खोलीत पिंप नाही म्हणजे पाणी चोवीस तास येतं असं या मुलांनी गृहीत धरलंय.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींमधल्या खोल्या एकशे साठ चौरस फुटांच्या. १९२०च्या दशकात बांधलेल्या. तिथे तीन-तीन पिढ्यांनी जे माळे, फडताळं, दिवाण, व्हरांड्यातली कपाटं केली, त्यांची मोजमापं घेऊन ठेवावीत असं मी दर वर्षी मुलांना सांगते. आता पुनर्विकासात ती घरं रिकामी होतायत. घाई करायला हवी.

मुलानं प्रदर्शनात पाण्याच्या बाटलीचं नवं झाकण-मूठ असं डिझाइन मांडलं. सातपूरच्या एका कारखानदारांना ते आवडलं, करायचं म्हणतात. मुलानं फोटोही सगळीकडे टाकलेत. हक्क वगैरे कसे राखायचे?
— नाशिक

हे पत्र प्रदर्शनाच्या आधी यायला हवं होतं.

वस्तूच्या आकाराची, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाची नोंदणी २०००च्या डिझाइन कायद्याखाली होते. संरक्षण दहा वर्षं, पुढे अर्ज करून आणखी पाच. झाकण आत कसं काम करतं, ही युक्ती त्यात येत नाही, तो पेटंटचा भाग. दोन्हीकडे अट एकच: अर्जाआधी ते जगजाहीर झालेलं नसावं. प्रदर्शनात मांडणं हे जगजाहीर होणंच, आणि फोटो टाकणं तर आहेच. कायद्याच्या एकविसाव्या कलमात प्रदर्शनांना सवलत आहे, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना, तेही आधी सूचना दिली असेल आणि सहा महिन्यांत अर्ज केला असेल तर. महाविद्यालयाच्या सभागृहातलं प्रदर्शन त्यात बसायची शक्यता फारच कमी.

आता काय? मांडलेल्या आकारावर फार आशा धरू नका. पण कारखान्यात जाताना ती वस्तू बदलेलच. साच्यातून सुटण्यासाठी उतार द्यावे लागतील, मूठ जाड होईल, दोन भाग एक होतील. बदललेला आकार खरोखर वेगळा दिसत असेल तर त्याचा अर्ज, कुठेही दाखवण्याआधी, करता येईल. एखाद्या पेटंट एजंटला गाठून हे आधी तपासून घ्या. आणि महाविद्यालयाचा नियम वाचा. काही ठिकाणी विद्यार्थ्यांच्या कामावर संस्था हक्क सांगते.

कारखानदारांशी कागद करा. सज्जन असले तरी करा, सज्जनांशी कागद लवकर होतो. नगामागे किती, हिशेब किती महिन्यांनी, आणि दोन वर्षांत काढलंच नाही तर डिझाइन परत मुलाचं, हे तीन मुद्दे त्यात हवेतच. त्यांची बाजूही समजून घ्या. इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक दाबून भरायचा साचा करायचा तर खर्च लाखांत जातो, तो बाटली खपो न खपो. मुलाला जमलं तर साचा बनतो तिथे चार दिवस नुसतं उभं राहू दे. वर्गात मिळालं नाही ते तिथे मिळेल.

टाकाऊतून टिकाऊ वस्तूंबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. करवंटीचे दिवे फार सुंदर होते.
— रत्नागिरी

होते. ते पुसायचे कसे, हे मी त्या मुलाला विचारलं. आत हात जात नाही, बाहेर नक्षीत धूळ बसते, आणि कोकणच्या हवेत पावसाळ्यात करवंटीला बुरशी धरते हे तुम्हाला मी सांगायला नको. टाकाऊतून केलेल्या बहुतेक वस्तू दुसऱ्यांदा टाकाऊ होतात, फक्त मध्ये दोन वर्षं शोकेसमध्ये काढतात. अपवाद होता एक. जुन्या नऊवारी साड्यांच्या पट्ट्या विणून केलेली, गॅलरीच्या गजांना बांधायची चिक. धुता येते, गुंडाळता येते, फाटली तर एक पट्टी बदलता येते. तिच्याबद्दल लिहायला हवं होतं हे खरं.

मॅडम, मी लातूरला इंटिरिअर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. मांडणी कशी करू? बोर्डवर काय लिहू? इंग्रजी नीट येत नाही.
— एक विद्यार्थी, लातूर

इंग्रजी येत नसेल तर उत्तम, मराठीत लिही. तुझं प्रदर्शन बघायला येणार लातूरची माणसं. अक्षर एवढं मोठं ठेव की चार हातांवरून आजोबांना वाचता यावं. ‘निसर्गापासून प्रेरणा’ हे शब्द तुझ्या हातून उतरले तर लगेच खोड. त्याऐवजी कुणाला बघितलंस, कुठे, काय अडत होतं, ते चार ओळींत. फसलेली मॉडेलं टाकू नकोस, क्रमानं मांड. लोक तिथेच थांबतात.

वस्तू ज्या उंचीवर वापरतात त्याच उंचीवर ठेव. पाट टेबलावर ठेवून काय दिसणार? आणि ‘हात लावू नये’ ही पाटी अजिबात नको. हात लावल्यावर जे मोडेल ते तुझ्या उपयोगाचं आहे. एक कागद आणि पेन दोरीला बांधून ठेव, लोकांना वाटेल ते लिहू दे. दोरीला, कारण पेन राहात नाही.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. तुमच्याकडे टँकरच्या पाण्यावर घरं चालतात, मोरीपासून अंगणापर्यंत सगळी मांडणी पाणी साठवण्याभोवती झालेली असते. पुण्या-मुंबईच्या मुलांना हे बघायला मिळत नाही. तू शेजारच्या घरात जाऊन बघ: घागरी, पिंप, टाकी, झाकणं, पाणी काढायचं भांडं, कोण उचलतं, किती वेळा. एका झाकणावर तुझं आख्खं वर्ष निघेल.

सातवी-आठवीच्या मुलांना असं काही दाखवायचं तर कुठे न्यावं? मी चित्रकला शिक्षिका आहे.
— ठाणे

तुम्हाला जवळ म्हणजे पवई. आयआयटीच्या आवारातलं आयडीसी हे डिझाइन शिकवणारं केंद्र १९६९पासून आहे. रुपयाचं आजचं चिन्ह काढणारे डी. उदय कुमार तिथलेच विद्यार्थी. पदवीच्या मुलांचं काम तिथे मांडलं जातं. तारखा आधी विचारून घ्या आणि शाळेच्या पत्रावर परवानगी काढा.

सहल मोठी काढणार असाल तर मात्र आधी पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह, आणि त्यात अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, दौती, कुलपं अशा घरगुती वस्तू किती तरी. सगळं एकदम दाखवू नका, मुलं घोळक्यानं पळत सुटतात. फक्त अडकित्त्यांपाशी बसवा. काम एकच, सुपारी कातरणं, आणि रूपं मोर, घोडा, माणसं, काय वाटेल ती. मग विचारा, यातला कुठला रोज वापरायला बरा आणि कुठला फक्त पाहुण्यांसमोर काढायचा? हाताची पकड कुठे, पातं कुठे, बोट कुठे सापडेल? तासभर सहज जातो.

अहमदाबादला जाणं झालं तर विशाला या उपाहारगृहाच्या आवारात भांड्यांचं ‘वेचार’ संग्रहालय आहे, १९८१पासूनचं. नुसती भांडी. त्याच शहरात एनआयडी. ती १९६१मध्ये निघाली त्यामागे चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं १९५८मध्ये भारत सरकारला दिलेला अहवाल होता. त्यात त्यांनी भारतात पाहिलेल्या सगळ्यात सुंदर वस्तूंमध्ये साध्या लोट्याची गणना केली आणि त्याबद्दल प्रश्नच प्रश्न विचारले: डोक्यावर नेणार की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा, ओततो कसा, हाताला लागतो कसा, किंमत काय. ही यादी मुलांना फळ्यावर लिहून द्या आणि सांगा, घरची एक वस्तू घेऊन उत्तरं लिहून आणा. एखादा मुलगा मोबाइल आणेलच. आणू द्या, कमरेवर न्यायचा की डोक्यावर ते त्यालाही विचारा.

पुढच्या अंकात न्हाणीघर आणि मोरी. प्रश्न पाठवताना मापं लिहा, फुटांत किंवा मिलिमीटरमध्ये, ‘मध्यम आकाराची’ असं नको. दार आत उघडतं की बाहेर, नळ बसून हाताला येतो का, आणि घरात सगळ्यात उंच व सगळ्यात बुटकं माणूस किती, तेही कळवा.